ऐंशीचे साठ

बुधवारी संध्याकाळी पाच वाजून दहा मिनिटांनी संघपालच्या हातातल्या स्पीड गनवर एकतीस हा आकडा उमटला आणि त्याला आधी वाटलं, यंत्रच बिघडलं. गेले तीन दिवस तो आसेगाव फाट्याच्या अलीकडे पळसाच्या झुडपांआड प्लास्टिकच्या खुर्चीत बसून येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांचा वेग मोजत होता, पाचनंतर मात्र आज पहिल्यांदाच, आणि ह्या रस्त्यावर एकतीसनं कोणी जात नव्हतं. सोयाबीनची पोती लादलेले ट्रॅक्टर जायचे, ते बावीस-चोवीसनं. बाकी सगळे सत्तर, ऐंशी, नव्वद. एकतीस हा आकडा कोणाचाच नव्हता. त्यानं यंत्र खाली घेतलं आणि डोळ्यांनी पाहिलं. एक जुनी मोटारसायकल रस्त्याच्या अगदी कडेनं येत होती. चालवणारा चष्मेवाला, सडपातळ, हेल्मेट घातलेला. मागे एका अंगानं बसलेली बाई हिरव्या स्कार्फमध्ये. स्कार्फ तोंडावरून खाली ओढलेला होता, कारण ती बोलत होती. नुसती बोलत नव्हती, एक हात हवेत फिरवून काहीतरी दाखवत होती, कशाचा तरी आकार, कोणाची तरी उंची. ती सरिता होती. संघपालची बायको. पंधरा-वीस हातांवरून ती गेली आणि तिनं इकडे पाहिलंही नाही, कारण झुडपाआड कोणी बसलेलं दिसू नये अशीच ती जागा निवडलेली होती, आणि ती निवडणारा तोच होता. "मोटारसायकल, दोन माणसं," शेजारी वही घेऊन बसलेला जगदेव म्हणाला. "किती लिवू भाऊ?" संघपालनं सांगितलं. जगदेवनं मान वर केली. "एकतीस? चाक पंक्चर असन." संघपाल म्हणाला, "असन," आणि पुढच्या ट्रकवर यंत्र धरलं.

काम नागपूरच्या एका कंपनीचं होतं, पंधरा दिवसांचं. मागच्या वर्षी हा रस्ता रुंद झाला, सिमेंटचा झाला आणि त्यावर ऐंशीच्या पाट्या लागल्या. मग फाट्यांवर अपघात व्हायला लागले, गावकऱ्यांनी निवेदनं दिली, आणि आता येत्या सोमवारी ऐंशीच्या पाट्या काढून तिथं साठच्या लागणार होत्या. पाटी बदलायच्या आधी सात दिवस आणि बदलल्यानंतर आठ दिवस गाड्या कशा चालतात, एवढंच पाहायचं होतं. साहेबानं पहिल्याच दिवशी बजावलं होतं की कोणाला सांगायचं नाही. घरीसुद्धा नाही. मोजणारा दिसला की माणूस लगेच सभ्य होतो, मग आकडे खोटे येतात. म्हणून संघपालनं सरिताला सांगितलं होतं, काम कारंज्याकडे आहे. ते सांगताना त्याला आपण लपवतोय असं जराही वाटलं नव्हतं. आसेगावच्या शाळेत ती शिकवायला लागून दीड वर्ष झालं होतं. सकाळी मंगरुळपीरच्या चौकातून ती काळी-पिवळी जीप पकडते आणि तशीच परत येते, असं तो धरून चालला होता. असं तिनं कधी सांगितलं होतं का, की आपणच तसं ठरवून टाकलं होतं, हे त्याला आता काही केल्या आठवेना.

घरी गेल्यावर ती भाकरी थापत होती. हाताला पीठ, कपाळावर एक बट. त्यानं पाणी पिता पिता विचारलं, "कशी आली आज?" ती म्हणाली, "आली. भेटली गाडी." गाडी. हा शब्द घेऊन तो अंगणात जाऊन बसला. गाडी म्हणजे जीपही होते, बसही होते, मोटारसायकलही होते. ती खोटं बोलली असती तर बरं झालं असतं. खोट्याला हात घालता येतो. पण हा शब्द खरा होता आणि तरीही त्याच्या आत काहीच दिसत नव्हतं, बंद टपरीसारखं. जेवताना त्यानं तिच्याकडे पाहिलं. ती भाकरीचा तुकडा मोडत होती आणि गप्प होती. ती गप्पच असायची. लग्नाला नऊ वर्षं झाली, आपली बायको अबोल आहे हे त्यानं मित्रांना, मावश्यांना, सगळ्यांना सांगितलं होतं, थोडं कौतुकानंसुद्धा. आता तो हवेत फिरणारा हात त्याच्यासमोर सारखा येत होता. काय दाखवत होती ती? मूल असेल एखादं, वर्गातलं. किंवा भिंत. किंवा लहानपणचं काही, ज्याची उंची तिला अजून हातानं सांगता येत होती. एवढंसं. तिनं ते त्या माणसाला सांगितलं आणि घरी येताना तिच्याजवळ काही उरलं नाही, म्हणून ती आता भाकरी मोडत होती.

गुरुवारी तेहतीस. शुक्रवारी एकोणतीस. शनिवारी शाळा सकाळची होती, दुपारी साडेबाराला पस्तीस. तिचा स्कार्फ दर वेळी तोंडावरून खाली ओढलेला असायचा. त्या माणसाचं नाव प्रज्वल, त्याच शाळेतला शिक्षक, इंझोरीचा राहणारा. हे त्याला चौकातल्या झेरॉक्सवाल्याकडून कळलं. विचारताना त्यानं शाळेच्या वेळेबद्दल विचारतोय असा आव आणला आणि स्वतःचा आवाज त्याला परका वाटला. आकडा मात्र परका नव्हता. तीस-पस्तीसच्या वेगाला मागचं माणूस पुढच्याच्या कानाशी बोलू शकतं, ओरडावं लागत नाही. पन्नासला वारा शब्द तोडायला लागतो. सत्तरला काही उरत नाही. वेग आणि माणसाचा आवाज यांचा हा हिशेब साहेबाच्या कुठल्याच तक्त्यात नव्हता. संघपाल तो रोज पळसाआड बसून मनात मांडत होता. लोक घाईनं पोचतात, कारण त्यांना कुठंतरी पोचायचं असतं. हे दोघं पोचणं लांबवत होते. शाळेपासून मंगरुळपीरपर्यंतचा सगळा रस्ता लांबवत होते, रोज संध्याकाळी. महिन्याचे वीस-बावीस दिवस, दीड वर्ष. आपल्या नऊ वर्षांत आपण बोललो त्याहून ते जास्त भरेल असं त्याला वाटलं. त्याला वाईट वाटलं नाही. राग आला असंही नाही. आपल्या हक्काचं पाणी कोणी रोज थोडं थोडं आपल्या बांधावरून वळवून नेत असावं, आणि आपलं शेत आपल्याला जन्मापासून कोरडवाहूच वाटत आलेलं असावं, तसं काहीतरी झालं.

सोमवारी पाट्या बदलल्या. लाल गोलात साठ. पहिल्या दिवशी पाटीपाशी काही गाड्यांचे मागचे दिवे लाल झाले, मग शंभर पावलांवर त्यांनी पुन्हा वेग घेतला. जगदेव हसायला लागला. तो साठीला टेकलेला माणूस, जन्मभर रस्त्याच्या कामावर रोलर चालवलेला, त्याला हे सगळं बघून मजा वाटायची. "पाटी म्हनजे काय भाऊ, नवी सून. दोन दिस पाहतेत, मंग कोनी पाहत नाही." बुधवारपर्यंत त्याचं म्हणणं खरं ठरलं. नव्वदवाले पंच्याऐंशीवर आले होते, ऐंशीवाले सत्याहत्तरवर, आणि तिथंच थांबले होते. पुढची गाडी जेवढी पळते तेवढी मागची पळत होती. पाटी कोणी पाहत नव्हतं, सगळे एकमेकांना पाहत होते. त्या सगळ्या गर्दीत एकच मोटारसायकल पाटी ऐंशीची असताना जशी होती तशीच साठची झाल्यावर होती. बत्तीस. एकतीस. त्यांना कोणी हळू चला म्हणून सांगायची गरजच नव्हती. मग गुरुवारी सरिता प्रशिक्षणासाठी वाशिमला गेली, आणि त्या संध्याकाळी प्रज्वल एकटा आला. संघपालनं यंत्र धरलं. अठ्ठावन्न. त्यानं पुन्हा पाहिलं, अठ्ठावन्नच. म्हणजे ती खटारा गाडी पळू शकत होती. म्हणजे तो माणूस भित्रा नव्हता. एकट्याचे अठ्ठावन्न, दोघांचे एकतीस, मधले सत्तावीस कोणाचे, हे उघडच होतं. "भाऊ, लिवू का?" जगदेवनं विचारलं. संघपालनं यंत्र पुढच्या गाडीवर धरलं. नंतर जगदेव लघवीला गेला तेव्हा त्यानं वही उघडली आणि त्या मोटारसायकलच्या सगळ्या नोंदी, एकेक करून, निळ्या पेननं खोडल्या. नीट खोडल्या, खाली काय होतं ते वाचता येऊ नये अशा. अकरा वर्षांत त्यानं कामात कधी आकडा फिरवला नव्हता. खोडून झाल्यावर त्याला हलकं वाटायला हवं होतं. उलट ते आकडे आता फक्त त्याच्याजवळ राहिले होते.

रविवारी मोजणीला जगदेव आणि दुसरा एक माणूस बसणार होते. संघपाल सरिताला मोटारसायकलवर घेऊन तिच्या मावसबहिणीकडे निघाला. रस्ता हाच होता. तिला तो आधी मुद्दाम काही बोलला नाही, मग बोलावंसं वाटलं तेव्हा गाडी वेगात होती. ती मागे बसली होती आणि दोघांच्या मध्ये पिशवी होती. त्यानं आरशात पाहायचा प्रयत्न केला, आरशात तिचा फक्त खांदा दिसत होता. त्याला आतून सारखं वाटत होतं की आता ती बोलेल, आता तिचा हात हवेत फिरेल. ती बोलली नाही. तो जितकी वाट पाहत होता तितकी मूठ आपोआप वळत होती.

सोमवारी सकाळी तो वही तपासत बसला. जगदेवचं अक्षर मोठं, वाकडं. रविवार, अकरा वाजून वीस मिनिटं, मोटारसायकल, दोन माणसं, चौऱ्याण्णव. आकड्याखाली रेघ ओढलेली. त्यानं रेघेवर बोट ठेवलं. "हे काय?"

जगदेव बिडी विझवून जवळ आला. "तुमीच होते भाऊ. लिवू का नको, लय इचार केला. मंग लिवलं. दुसऱ्याचं लिवतो, तुमचं काहून नाही?"

"बरं केलं."

"लय जोरात होते तुमी. मागं वहिनी डोये मिटून बसल्या होत्या. दोन्ही हातानं मागची दांडी धरून. मले वाटलं, आता पडते का काय."  त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी जुळल्यासारखं झालं. "थांबा. थ्या हिरव्या इस्कार्फवाल्या... थ्या त्या दिवशी..."  वाकून त्यानं खुर्चीखालची पाण्याची बाटली उचलली, बूच उघडलं, पुन्हा लावलं. संघपालला वाटलं, हा म्हातारा आता काहीतरी बोलला तर आपण त्याच्या अंगावर जाऊ. पण जगदेव फक्त म्हणाला, "ट्रक येऊन राह्यला भाऊ," आणि खरंच ट्रक येत होता.

डोळे मिटून. नऊ वर्षं ती त्याच्या पाठीमागे बसत होती आणि तिचे डोळे उघडे असतात की मिटलेले, हे त्याला एका रोलरवाल्याकडून कळलं. दिवसभर त्याला ते डोळे दिसत राहिले. त्या माणसाच्या पाठीमागे उघडे, बोलणारे, तुरीच्या शेतांकडे पाहणारे. आपल्या पाठीमागे मिटलेले. पावणेपाच वाजता त्यानं यंत्र जगदेवच्या हातात दिलं आणि किक मारली.

शाळेचं फाटक उघडं होतं. मुलं गेली होती. प्रज्वल पडवीत मोटारसायकल पुसत उभा होता, जवळून तो आणखीच लहान दिसत होता, तिशीसुद्धा नसेल, दाढी नीट न आलेला. सरिता दप्तराच्या खोलीला कुलूप लावत होती. तिनं वळून पाहिलं आणि कुलपाची किल्ली तिच्या हातातच राहिली. "तुमी? इकडं कसे?"

"काम होतं जवळच."

"जय भीम साहेब," प्रज्वल पुढे आला. "बरं झालं आले. मॅडमले रोज माह्या खटाऱ्यावर हाडं खिळखिळी करत जावं लागते. जीपवाले चारनंतर येतच नाहीत." तो मोकळेपणानं हसला. त्या हसण्यात संघपालनं काहीतरी शोधलं आणि त्याला काही सापडलं नाही, ह्याचाच त्याला फार त्रास झाला. "हळू चालवता तुम्ही," तो म्हणाला. प्रज्वलनं आश्चर्यानं पाहिलं. "मॅडमच म्हणतात, हळू घ्या. माह्यं काय, घरी जाऊन चहाच प्यायचा असते."

सरिता नवऱ्याच्या मागे बसली. फाट्यावरून गाडी मोठ्या रस्त्याला लागली आणि संघपालनं मूठ वळवली नाही. तीस. बाजूनं कपाशीची शेतं हळूहळू सरकत होती, वेचणाऱ्या बायका पाठ सरळ करून बघत होत्या. चेनचा आवाज येत होता. कुठंतरी मळणीयंत्र चाललं होतं. एवढे आवाज ह्या रस्त्यावर असतात हे त्याला माहीतच नव्हतं, आणि त्या सगळ्यांत तिचा नव्हता.

"आज काहून हळू?" तिनं विचारलं. "पेट्रोल नाही काय?"

"आहे."  मग त्याच्या तोंडून निघून गेलं, "माझं काम कारंज्याला नव्हतं. तिथं, त्या पळसाआड स्पीड गन घेऊन बसत होतो. पंधरा दिवस. तुम्हा दोघांना रोज पाहिलं."

 एक कार गेली, एक ट्रक गेला. "म्हंजे माह्यावर बंदूक धरून बसले होते," ती म्हणाली.

"वेग मोजायची आहे ती."

"मंग हाक काहून नाही मारली?"

 पंधरा दिवसांत असं काही करता येतं हे त्याच्या मनातही आलं नव्हतं. "तू बोलत होतीस," तो म्हणाला.

"हो. बोलत होती." आवाजात राग होता, पण लपवालपवी नव्हती. "त्याच्या गाडीवर बोलता येते. तुमच्या गाडीवर काय बोलू? हवेत जाते सारं. आन घरी तुमी ऐकता काय? मी सुरू केलं की तुमी म्हणता, मुद्द्यावर ये. मले मुद्दा नसते."

"काय बोलत होतीस?"

"काहीपन. पोरांचं. घरचं. बाबाचं."

"बाबाचं काय?"

 तिचे वडील, ग्यानबा, तीन वर्षांपूर्वी चैत्रात धनजला वारले. त्याच्या सासूबाईंचा, भागिरथाबाईंचा फोन दुपारी दोनला आला होता आणि संघपालनं तिला तिथं पाऊण तासाच्या आत पोचवलं होतं. ट्रकांच्या मधून, उलट्या बाजूनं, एका ठिकाणी बैलगाडी थोडक्यात चुकवून. पोचले तेव्हा म्हातारा जिवंत होता. जावयानं बापलेकीची भेट घालून दिली, असं सगळा गाव म्हणाला होता. आपल्या हातून बायकोसाठी आयुष्यात एक मोठी गोष्ट झाली असेल तर ती हीच, असं तो मानत आला होता. कधी भांडण झालं, तर बोलून न दाखवता मनात तो ती बाजूला काढून ठेवायचा.

"त्या दिवशी मी मागून सारखी म्हनत होती, हळू चला," सरिता म्हणाली. "तुमाले वाटलं, मले भेव लागते. मले भेव नव्हतं लागत. मले पोचायचंच नव्हतं. माय फोनवर म्हनली होती, ओळखत नाही आता कोनाले. मले वाटत होतं, आपन रस्त्यात असतानीच होऊन जावं थे. तुमी पोचवलं. मी आत गेली. बाबानं माह्याकडं पाह्यलं आन म्हनले, ही कोन हाय, हिले बाहेर काढा. आन मले भेऊन तोंडावर चादर ओढली. मंग तासाभरात गेले." ती थांबली. "आता बाबा आठवले की थेच आठवते. चादर. त्याच्या आधीचं काहीच येत नाही. तासभर उशीर झाला असता, तर माह्यापाशी माहा बाप राह्यला असता."

 तीन वर्षं जपून ठेवलेली गोष्ट संघपालच्या हातातून गेली, आणि ती गेल्याचं दुःख करायला त्याला सवडच मिळाली नाही, कारण त्याचं लक्ष दुसरीकडेच लागलं होतं. तिची वाक्यं नीट होती. कुठं थांबायचं ते तिला ठाऊक होतं. चादर हा शब्द दुसऱ्यांदा कुठं म्हणायचा, तेही. आवाज कुठंच फाटला नाही. पहिल्यांदा सांगणारं माणूस असं सांगत नाही. ते अडखळतं, मागे जातं, चुकीच्या जागी रडतं. ते सगळं आधीच होऊन गेलं होतं, ह्याच रस्त्यावर, दुसऱ्याच्या पाठीशी. त्याच्या वाट्याला आलं होतं ते घासूनपुसून स्वच्छ झालेलं सांगणं. नवऱ्यानं आता काहीतरी बोलायला हवं होतं. चुकलं म्हणायला हवं होतं. त्यानं विचारलं, "सरांना सांगितलं तेव्हा रडली होतीस?"

"हो," ती म्हणाली. आणि थोड्या वेळानं, कोणाची बाजू न घेता, जे झालं ते सांगावं तसं, "गाडी थांबवली होती त्यानं. काही बोलला नाही. नुसता उभा राह्यला."

मागून एक ट्रक हॉर्न देत जवळ आला आणि वळसा घालून निघून गेला. संघपालला गाडी थांबवावी असं फार वाटलं. कडेला जागा होती, निंबाची सावली होती. पण थांबलं असतं तरी ते आता दुसऱ्यांदाच झालं असतं. तो थांबला नाही. त्यानं वेगही वाढवला नाही. "आणखी सांग," तो म्हणाला, आणि मान थोडी मागे वळवून, वाऱ्यात एक कान तिच्या बाजूला धरून चालवत राहिला.

"काय सांगू?" ती म्हणाली.

"त्याला न सांगितलेलं काही."

ती विचार करत राहिली. मंगरुळपीरची घरं दिसायला लागली, तरी ती विचारच करत होती.